बारीक झालीस

१७ फेब्रुवारी, सोमवार
समीक्षा तीन आठवड्यांच्या रजेवरून आज आली. ऑफिसात गेली सहा वर्षं माझ्यासोबत डबा खाणारी एकमेव व्यक्ती. ती नव्हती तेव्हा घास घशाखाली उतरत नव्हता. हे मनिषाला सांगायचं नाही, डबा ती बनवते.
संकल्प: रोज एकाला तरी कॉम्प्लिमेंट द्यायची. माणसं त्यावरच जगतात. मला शेवटची २०१४ मध्ये मिळाली, पळस्प्याच्या पेट्रोल पंपावर. अनोळखी माणूस म्हणाला, शर्ट भारी आहे. शर्ट अजून घालतो. कॉलर विरलीय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
श्रीगणेशा समीक्षापासून. म्हटलं, बारीक झालीस, छान दिसतेस. ती म्हणाली, हं. भारावली असावी.
डब्यात उकडलेला दुधी. फोडणीसुद्धा नाही. कंट्रोल आहे पोरीचा. तेही सांगितलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार
काल सुट्टी, त्यामुळे आज दोन.
अकाउंट्सच्या भावेशला म्हटलं, बेल्ट मस्त आहे. तो म्हणाला, काम काय आहे ते सरळ बोल. पण संध्याकाळपर्यंत तीनदा स्वतःच्या बेल्टकडे बघताना दिसला.
समीक्षाला म्हटलं, रंग उजळलाय. दिवसभर जॅकेट घालून बसली. एसी कमी करून घेतला. तरी जॅकेट तसंच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
समीक्षाला सुचवलं, ड्रेस सैल होतोय, आता एक साइज खाली घे. म्हणाली, थँक्यू सर.
सहा वर्षं 'धनेशदादा' म्हणायची. आज 'सर'. आदर वाढला.
घरी सांगितलं. मनिषा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, दादाचे सर झालात म्हणजे वर गेलात की बाहेर? तिला कॉर्पोरेट कल्चर कळत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार
समीक्षा डबा घेऊन समृद्धीच्या टेबलावर गेली. बायकांचं काहीतरी बोलायचं असेल. खुर्ची धरून ठेवली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
खुर्ची धरली. वर पाण्याची बाटली ठेवली. अडीचला उचलली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
शेवटी समीक्षाला विचारलंच, टेबल का बदललंस. आवाज न चढवता बोलली. रिक्षावाला सांगतो, सोसायटीचा वॉचमन सांगतो, समोरचा झेरॉक्सवाला सांगतो. दिवसातून चार-पाच वेळा कोणी ना कोणी ती कशी दिसते ते सांगतंच. हसलं तर पुढचं ऐकावं लागतं, नाही हसलं तर भाव खाते म्हणतात. एकच टेबल होतं जिथे आपण कसे दिसतोय याचा विचार न करता जेवता यायचं.
चार-पाच वेळा. दिवसातून. मी अकरा वर्षं एका शर्टावर काढली. तिला तसं म्हटलंसुद्धा. वाटलं हसेल.
ती म्हणाली, रजेवर का होते एवढं तरी विचारायचं होतं.
म्हटलं, नेऱ्याला माहेरी असशील असं वाटलं. ती निघून गेली. बोलायचं म्हणून बोललो. खरं तर काहीच वाटलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
डबा उघडला नाही. लाज वाटायला हवी. नुसतं बधिर वाटतंय.
दुपारी रजेची फाइल काढली, ती माझ्याच कपाटात असते. समीक्षाचा अर्ज. कारण: कावीळ. सोबत डिस्चार्ज कार्ड. नऊ दिवस ॲडमिट, प्रचंड अशक्तपणा, तेल-तूप बंद.
अर्जाच्या कोपऱ्यात शेरा आहे, 'पाहिले'. खाली सही. माझीच.