धाकटीच्या वतीने

सोमवार, संध्याकाळ

चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट, हे मी तीस वर्षं सातवीच्या मुलींकडून घोकून घेतलं आणि स्वतः बेटावर पहिलं पाऊल टाकलं ते आज, बासष्टाव्या वर्षी. बोटीतून उतरताना पाय घसरला, धाकटीने, माझ्या बहिणीने, दंड धरला म्हणून वाचले. भूगोलाच्या बाई पाण्यात पडल्या असत्या तर छानच झालं असतं, असं म्हणून ती धक्क्यावर उभी राहून इतकी हसली की लोक बघायला लागले. वर्षभरात तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. भावोजी गेल्यापासून ती खिडकीपाशी बसून असते. ही सहल मीच ठरवली, मीच पैसे भरले, तिच्या लेकीला मीच कळवलं. तिला विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती.

आम्ही आठ जण. नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं, एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, आम्ही दोघी आणि कॅमेरे गळ्यात घातलेले दोन मित्र. एक छोटी गाडी, एक चालक, एक गाइड. खोली लहान पण स्वच्छ आहे. दोन पलंग, मध्ये एक टेबल, खिडकीतून सरळ समुद्र. धाकटीने येताक्षणी खिडकीकडचा पलंग पटकावला आणि आता घोरते आहे. तिचं घोरणं ऐकत मी लहानपणापासून झोपत आले. मी फार खुशीत आहे, हे लिहून ठेवते.

मंगळवार, जेवणानंतर

बेटाभोवती रस्ता एकच आणि तोही एकाच दिशेने जाणारा. गाडी मागे वळत नाही. पहिल्या फेरीत एकेक किनारा बघायचा, दुसऱ्या फेरीत डोंगरावरचे देखावे, आणि शनिवारी पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर अर्धा तास थांबून बोटीकडे.

गाइड माणूस नीटनेटका. मी त्याचं नाव मॉनिटर ठेवलं आहे. सकाळी त्याने प्रत्येकाला आकडा दिला. मला पाच, धाकटीला सहा. प्रत्येक थांब्यावरून निघताना तो गाडीच्या दारात उभा राहून हजेरी घेतो आणि ज्याने त्याने आपला आकडा म्हणायचा. नियम एवढाच, की दुसऱ्याचा आकडा कुणी म्हणायचा नाही. कुणी आलं नसेल तर गप्प बसायचं, गाडी थांबेल, रात्र झाली तरी थांबेल. मी म्हटलं, दुसऱ्याच्या नावावर हजर म्हणणाऱ्या किती मुलींना मी बाकावर उभं केलंय, मला काय सांगता! सगळे हसले. मॉनिटर हसला नाही.

दीपगृहापाशी डॉक्टरांची बायको शिंपले वेचत बसली. ‘चार’ला उत्तर नाही. चाळीस मिनिटं गाडी जागची हलली नाही. चालकाने वर्तमानपत्र काढलं. ती आली, ‘चार’ म्हणाली आणि निघालो.

बाकी दोन्ही थांब्यांवर उशीर आमच्या धाकटीचा. ती जन्मालाच दहा दिवस उशिरा आली, पुढचं काय सांगायचं.

बुधवार, संध्याकाळ

जे झालं ते क्रमाने लिहिते.

दुपारी पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर होतो. ऊन मी म्हणत होतं. सगळे गाडीत बसले, धाकटी नाही. डॉक्टर घड्याळ बघत बायकोला म्हणाले की काही लोकांना दुसऱ्याच्या वेळेचं काही वाटत नाही. आवाज माझ्यापर्यंत येईल एवढाच ठेवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॉनिटर दारात येऊन मोजू लागला. खिडकीतून धाकटी दिसत होती, खडकांपाशी वळणावर, चपला हातात, घोट्यापर्यंत भिजलेली, धावत होती. हात हलवून ओरडत होती, ‘आले, आले!’ वीस पावलं असतील. मी ‘पाच’ म्हटलं. ‘सहा’ला गाडीत शांतता. डॉक्टरांनी उसासा टाकला.

मी म्हटलं, ‘सहा.’

ती आलीच होती ना. फक्त ती कटकट थांबावी म्हणून म्हटलं. आयुष्यभर तिच्या वतीने मीच बोलत आले, शाळेत, दवाखान्यात, तिच्या सासरच्यांसमोर. जीभ आपोआप वळली.

मॉनिटरने माझ्याकडे पाहिलं. पुढे ‘सात’, ‘आठ’ झालं आणि दार लागलं. मी थांबा म्हणायला उठले तर धाकटी माझ्या शेजारी बसलेली होती.

गाडीत ती कधी चढली मला दिसलं नाही. धाप लागलेली नव्हती. चपला पायात होत्या आणि पाय कोरडे होते. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही.

गुरुवार, सकाळी

रात्रभर घोरण्याचा आवाज नाही. साडेपाचला जाग आली तेव्हा ती अंघोळ करून, केस विंचरून पलंगाच्या कडेला बसली होती. धाकटी! साडेपाचला! मी थट्टा केली, तर ती हसली. मी हसते तसं, ओठ मिटून.

भावोजींबद्दल विचारलं. सगळं बरोबर सांगितलं, पण माझ्याच शब्दांत, मी शेजारणींना सांगते अगदी त्या शब्दांत. मग मी तिला मुद्दाम एक गोष्ट विचारली. आई गेली तेव्हा मी औषध आणायला खाली गेले होते. त्या दहा मिनिटांत आई तुझ्याशी काय बोलली? धाकटीने मला हे कधीच सांगितलेलं नाही. विचारलं की रडते.

ही रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी काय ते सांगीन म्हणून वाट बघत होती.

मला ठाऊक आहे तेवढंच हिला ठाऊक आहे.

गुरुवार, दुपारी

मॉनिटरला गाठलं. लाजलज्जा सोडून सांगितलं की ही माझी बहीण नव्हे, गाडी परत न्या. त्याने मला वेड्यात काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. खाली बघत तो म्हणाला की सहाचं उत्तर आलं, मोजणी पूर्ण झाली, आठाचे नऊ त्याला करता येत नाहीत. पहिल्याच दिवशी सांगतो, पण दर दोन-चार सहलींत कुणीतरी म्हणतंच. बहुतेक नवरे, बायकांच्या वतीने. घरी गेल्यावर कुणाची तक्रार आलेली नाही, उलट लोक म्हणतात, स्वभाव निवळला.

तू काहीच का करत नाहीस, असं मी त्याला विचारलं. त्यावर त्याने मलाच उलट विचारलं, की बाई, तुम्ही गप्प बसला असतात तर?

गप्प बसले असते तर गाडी थांबली असती. वीस पावलं. अर्धं मिनिट.

शुक्रवार

धाकटीच्या लेकीला फोन केला. बोलणार होते, पण तीच आधी बोलली. आईचा सकाळी बरोबर आठला फोन आला होता, म्हणाली, किती छान बोलली, रडली नाही, मावशी, तू जादू केलीस. फोन ठेवताना ती स्वतःच रडत होती, आनंदाने.

मी काय सांगणार होते?

बाकीच्यांना विचारलं, ही वेगळी वाटत नाही का? डॉक्टर म्हणाले, तुमची बहीण आता वेळेवर येते, आभारी आहोत.

वर डोंगरावरून पांढरी वाळू दिसली. खडकांच्या वळणावर एक ठिपका होता. मी कॅमेरेवाल्यांकडे लेन्स मागितली. त्यांनी आधी स्वतः पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि लेन्स पिशवीत ठेवून दिली. देईनात. हात जोडले तरी देईनात.

ती तिथे आहे. तीन दिवस, उन्हात, पाण्याशिवाय— मी म्हटलं म्हणून.

शनिवार, सकाळी

ठरलं आहे. आज अर्धा तास त्याच किनाऱ्यावर. मी उतरीन आणि परत चढणार नाही. ‘पाच’ला उत्तर देणार नाही. गाडी रात्रभर थांबेल, मॉनिटरचाच नियम आहे. तेवढ्यात तिला शोधून आणीन आणि ती आपल्या तोंडाने ‘सहा’ म्हणेल. मग त्या दुसरीचं काय करायचं ते मॉनिटर बघेल.

ती शेजारी बसून मी लिहिते ते बघते आहे. बघू दे.

शनिवार, किनाऱ्यावर

खडक, वळण, सगळं धुंडाळलं. हाका मारून घसा बसला. कुणी नाही. वाळूत पावलं आहेत, तिचीच, डावा पाय किंचित बाहेर पडतो तशी. वळणापासून रस्त्यापर्यंत येतात. रस्त्याला लागत नाहीत. मागे फिरतात. परत येतात. किती वेळा—

मॉनिटर दारात आला. मोजतो आहे. मी रस्त्याच्या कडेला उभी आहे, ओठ घट्ट मिटून.

चार झाले.

पाच. मी गप्प.

डॉक्टरांनी उसासा टाकला— इथवर ऐकू आला— आणि खिडकीतून ती माझ्याकडे बघून हसली, ओठ मिटून, आणि माझ्या आवाजात म्हणाली

म्हणाली. माझ्या वतीने.

दार लागलं. खिडकीत आता दोघी बसल्या आहेत. मी आणि धाकटी. माझ्या मांडीवर माझी पर्स.

शनिवार, नंतर

गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकून खडकांमागून धाकटी बाहेर आली. खरी. ओठ फाटलेले, चपला हातात. ‘ताई, थांब!’ म्हणत गाडीमागे धावली. खिडकीतल्या मी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. गाडी वळणाआड गेली.

मी धावत तिच्याजवळ गेले. तिला काय वाटलं ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं— ताई सोडून गेली.

मी म्हटलं, मी आहे, ही बघ, मी इथे आहे.

ती मागे सरकली. म्हणाली, आता पुरे. तीन दिवसांत चार वेळा ताई येऊन गेली. हाका मारते, माझी सगळी गुपितं सांगते, जवळ गेलं की नसते. आता खरी ताई गाडीतून गेली, मी डोळ्यांनी पाहिलं.

म्हणूनच ती लपली होती. माझ्या हाका ऐकून.

शनिवार

मी पाऊल पुढे टाकलं की ती एक मागे टाकते. तिच्या पाठीमागे समुद्र आहे, मागे सरत सरत ती पाण्यात शिरली आहे. मी तोंड उघडलं की कान झाकते आणि दोन टाकते. म्हणून बसले आहे. बोलत नाही. मोठ्या अक्षरात लिहून वही उंच धरते. माझं अक्षर ओळखते ती. इतक्या लांबून वाचता येत नसेल.

गप्प बसायचं. या वेळी गप्प बसायचं.

पाणी तिच्या गुडघ्याला होतं. आता कमरेला. ती हललेली नाही. भरती आहे— मी शिकवलं आहे भरती, ओहोटी, सगळं— तिला पोहता येत नाही

हाक मारली तर आत जाईल. नाही मारली तर

छातीला. माझ्याकडेच बघते आहे. लाट आली की डोळे मिटते.

धाकटे, बाहेर ये गं. ही मीच. मी म्हटलं होतं सहा, मीच, चुकले, तू नुसती दोन पावलं पुढे ये, मी हलत नाही, बघ, मी काहीच बोलत