नऊ डबे आणि आठ पिस्टन

८ जुलै २०२५, मंगळवार

पिस्टनमध्ये सिगारेटची राख! तीही गॅरेजमालक प्रल्हादभाऊंच्या टेबलावर. गॅरेजचे जेवणाचे नऊ डबे ठेवायला केबिनमध्ये गेले, तर समोर तो — बशीएवढा रुंद, माथ्याला तडा, उलटा ठेवलेला, आत थोटकं. मी राख टोपलीत ओतली, ओढणीने तो पुसला आणि तुटलेली कड उजेडात धरली. दाणे जाड, चकचकीत. ओतीव माल. "हा कास्ट आहे. हा तुटणारच होता," असं तोंडातून निघून गेलं.

सिद्धार्थ दारात उभा होता — त्यांचा बोअरिंगवाला, इंजिनचे सिलिंडर आतून कोरून रुंद करणारा. हसला. "ताई, तुम्ही भाजीतलं मीठ बघा. बोअर-पिस्टन आम्ही बघतो."

सत्तावीस वर्षं झाली पुणं सोडून. त्याआधी तीन वर्षं पिस्टनच्या कारखान्यात तपासणीला होते. दिवसाला चारशे पिस्टन या हातांखालून जायचे. मग लग्न, शारजा, व्हिसावर 'हाउसवाइफ'. आता सविताच्या पोळी-भाजी केंद्रात सकाळी पोळ्या लाटायच्या आणि दुपारी अल कुसैसच्या गॅरेजांत डबे पोचवायचे. हे सगळं त्याला ऐकवायला हवं होतं. गाडीत बसल्यावर सुचलं!

९ जुलै

मीठ बरोबर होतं. मी चाखून पाहिलं.

१२ जुलै, शनिवार

आज बोलले. राहवलंच नाही.

गाडी एका एमिराती आजोबांची. एकाहत्तर सालची, अमेरिकन, बोटीएवढी लांब. आठ सिलिंडरचं साडेसात लिटरचं इंजिन. एक पिस्टन फुटला म्हणून आता आठही नवे घालायचेत. केबिनमध्ये वाद चालला होता.

सिद्धार्थ म्हणत होता, "शेठ, कास्टच घाला. पन्नास वर्षं कास्टवर चालली ना?"

प्रल्हादभाऊ म्हणत होते, "छे! रेसवाले फोर्ज्ड मागवू. गाडीचा अर्बाब खूश झाला पाहिजे."

मी डबे मांडता मांडता म्हणाले, "दोन्ही चूक."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मग म्हटलं, आता तोंड उघडलंच आहे तर पुरतं उघडू. फोर्ज्डच हवा, कारण तो दाबून घडवलेला असतो. नीट मळलेल्या कणकेला चिरा पडत नाहीत, तसं. पण फोर्ज्डमध्येही दोन जाती. शर्यतीच्या पिस्टनमध्ये सिलिकॉन कमी. तो मार खूप सोसतो, पण तापला की फुगतोही खूप. म्हणून सिलिंडरमध्ये फट जास्त ठेवावी लागते आणि गार असताना तो खडखडतो. आजोबा काय शर्यत लावणार आहेत? शनिवारी सकाळी समुद्राकाठी एक चक्कर मारणार! मग जास्त सिलिकॉनचा फोर्ज्ड घ्या. फट ठेवा ऐंशी माइक्रॉन — केसाच्या जाडीपेक्षा थोडीशी जास्त. सवयीने कास्टसारखी पन्नास ठेवलीत, तर गरम झाल्यावर अडकेल आणि सिलिंडर खरवडून काढेल.

"वहिनी, तुम्हाला हे कुठून?" प्रल्हादभाऊ म्हणाले.

"पोटापाण्याला हेच करत होते," मी म्हणाले. सिद्धार्थने डबा उचलला आणि बाहेर गेला.

१४ जुलै, सोमवार

प्रल्हादभाऊंनी माझेच पिस्टन मागवले! "बत्तीसशे दिरहॅम. म्हणजे पंचाहत्तर हजार झाले की हो रुपये! पण वहिनी, मोजमाप तुम्ही करायचं. कागदावर सही तुमची. चुकलं तर?"

"चुकलं तर सांगेन."

२१ जुलै, सोमवार

घरी सांगितलं. सूर्यकांत जेवता जेवता थांबला. "गॅरेजात? सगळ्या पुरुषांमध्ये? लोक काय म्हणतील, सुनेत्रा?"

"लोक माझ्या हातच्या पोळ्या खातात. त्यांनी काय म्हणायचंय!"

वैभवी मोबाइलमधून मान वर न काढता: "आई, धिस इज सो रँडम." मग जरा वेळाने, "बट काइंड ऑफ कूल." सतराव्या वर्षी एवढं म्हणजे पुष्कळच.

नवरा अकरा वर्षं दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागात नोकरीला जातो, आणि सिलिकॉनने पिस्टन कमी फुगतो हे त्याला आज बायकोकडून कळलं! मी हसले तर चिडला. चिडू दे.

कारखान्यातला माझा मोजायचा मायक्रोमीटर काढला. साड्यांच्या घड्यांखाली, तेलाच्या फडक्यात. चार घरं बदलली, पण हा टाकला नाही. शून्य अजून शून्यावर आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

पिस्टन आले. आठ. हातात घेतला आणि हात आपोआप पुढचं सगळं करायला लागले — व्यास कुठे मोजायचा, किती दाब द्यायचा. केबिनच्या टेबलावर बसून आठही मोजले. तीन माइक्रॉनच्या आत सगळे. असा माल बघितला की बरं वाटतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

शेडमध्ये शेहेचाळीस डिग्री. आठ सिलिंडरांच्या लोखंडी ब्लॉकला हात लावला तर चटका बसतो. सिद्धार्थ बोअर वाढवणार, मी मोजणार. "अजून पाच." "अजून दोन." "बास!" घाम डोळ्यांत जात होता, पण मी हलले नाही. त्याने एकदा विचारलं, "ताई, पाणी?" म्हटलं, "आधी आठवा सिलिंडर."

ऐंशी. आठही सिलिंडरांत ऐंशी. कागदावर सही ठोकली. सत्तावीस वर्षांनी!

१२ ऑगस्ट, मंगळवार

इंजिन बांधून झालं. प्रल्हादभाऊ म्हणाले, "वहिनी, हे सुरू झालं की तुमचं वर्क परमिट करू. मोजमापाला मला माणूस हवाच आहे."

तिथे रडले नाही. गाडीत थोडं रडले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना. सविता म्हणाली, "नळाखाली धर." ऑगस्टात इथे गार पाण्याच्या नळालाही कढतच पाणी. झाकण धरलं. पत्रा फुगला, सैल झाला, फिरला.

बरणी हातातच राहिली.

पिस्टन मी केबिनमध्ये मोजले होते — एसी बावीसवर. ब्लॉक मोजला शेडमध्ये, शेहेचाळीसला. तापलेला सिलिंडर रुंद झालेला, आणि मी बाई त्याच्याशी गार पिस्टनची वजाबाकी करत बसले!

डब्यांच्या यादीच्या पाठीवर हिशोब मांडला. तीनदा. ब्लॉक जवळजवळ तीस माइक्रॉन फुगलेला होता. म्हणजे खरी फट ऐंशी नाहीच. पन्नास!

ज्यावरून सिद्धार्थला सगळ्यांसमोर शिकवलं, तेच मी स्वतः केलं. कारखान्यात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं — माल मोजायच्या खोलीत रात्रभर मुरू द्यायचा, मगच हात लावायचा. तिथे खोली आपोआप गार असायची, म्हणून मी ते विसरून गेले. लाज वाटते आहे. फार लाज वाटते आहे.

१५ ऑगस्ट

नाही सांगितलं. सोमवारी आजोबा इंजिन ऐकायला येणार. सविता म्हणते, "कुणाला कळणार आहे? आणि आधी परमिट तर होऊ दे."

१६ ऑगस्ट, शनिवार

सांगितलं.

डबे टेबलावर ठेवले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "इंजिन उघडा. माझं माप चुकलंय." सिद्धार्थला आधी पटेना, मग इतका आनंद झाला की लपवता येईना. "यल्ला, चला उघडू या! मीठ जास्त झालं वाटतं, ताई?" हस बाबा. तुझा हक्क आहे.

प्रल्हादभाऊ हसले नाहीत. "अहो, गप्प बसला असतात तरी चाललं असतं. महिना-दोन महिने तरी कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं होतं. आणि चुकलं तर सांगेन म्हणाले होते."

त्यांनी आजोबांना फोन लावला. सोमवारचं रद्द. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "परमिटचं सध्या राहू दे, वहिनी."

राहू दे तर राहू दे! मी काही भीक मागायला गेले नव्हते. पण इंजिन उघडायला लावलं की नाही? लावलं. आणि पुढचं मापही मीच घेणार, हेही सांगून आले. सही माझी आहे.

घरी सूर्यकांतला वाटलं, मी तोंड पाडून बसेन. पुरणपोळी केली. होळी ना पोळा!

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल ट्रॉलीवर घालून ब्लॉक केबिनमध्ये नेला. सिद्धार्थ ओरडत होता, "ब्लॉकला एसी! इथे मला धड पंखा नाही!" प्रल्हादभाऊंना खुर्ची बाहेर काढावी लागली. ब्लॉक रात्रभर आत, पिस्टन शेजारी.

आज मोजलं. एकोणपन्नास.

गेज सिद्धार्थच्या हातात दिलं. त्याने स्वतः बघितलं. पुन्हा बघितलं. मग म्हणाला, "हे अडकलंच असतं." एवढंच. हसला नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

बोअर वाढवला, ब्लॉक पुन्हा गार केला, पुन्हा मोजलं — ऐंशी. खरे ऐंशी. आज इंजिन सुरू.

आजोबा पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. पहिल्या मिनिटाला बारीक टकटक. सगळे माझ्याकडे! मी म्हणाले, "थांबा. गार आहे अजून." नजर घड्याळावर. दोन मिनिटं. चार. टकटक विरली आणि खाली नुसता तो जाड, भरलेला आवाज राहिला. आजोबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "खलास. माशाल्ला." म्हणजे काम झालं, छान झालं. नऊ जणांनी टाळ्या वाजवल्या.

परमिटबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. रिकामे डबे घेतले आणि आले.

११ सप्टेंबर, गुरुवार

सिद्धार्थचा मेसेज: "ताई, नवीन ब्लॉक आलाय. मी आत्ताच केबिनमध्ये ठेवलाय, रात्रभर मुरेल. मोजायला तुम्हीच हव्यात, असं शेठना सांगितलंय. ते ऐकत नव्हते. मग मी म्हणालो, जी बाई स्वतःचं चुकलेलं सांगते तिच्या मापावर मी बोअर करीन, दुसऱ्या कुणाच्या नाही."

दोनदा वाचला. सूर्यकांतला वाचून दाखवला. तो म्हणाला, "परमिटच्या अर्जावर नवऱ्याची सही लागते का, विचारून घे."

१५ सप्टेंबर, सोमवार

आज मोजमापाला बसले होते, तेवढ्यात गॅरेजात दहा डबे आले. दहावा माझा.

भाजीत मीठ कमी होतं.