साथ आली आणि शिंकून गेली

ता. ११ मार्च

चि. बाळ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि खरं सांगायचं तर तीच इथली मोठी पंचाईत झाली आहे.

साथ येणार म्हणून आमच्या हॉस्पिटलने काय कंबर कसली होती! शाळेचा व्यायामाचा हॉल रिकामा करून वॉर्ड मांडला. गेटवरच्या पैलवानाला पेशंट करून स्ट्रेचरची रंगीत तालीम झाली. तो इतका जड, की उचलणारे दोघेच आडवे झाले. मोठ्या डॉक्टरांनी नातेवाइकांना धीर द्यायचं भाषण पाठ केलं. मी हेडनर्स, म्हणून सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन पांढऱ्या चादरींच्या त्या रांगांमधून एकटीच फिरले. एवढ्या खाटा, आणि प्रत्येकीवर कुणाचं तरी माणूस येणार होतं.

आणि आली ती ही साथ! नाक गळतं, अंग कणकणतं, दोन-चार दिवसांत माणूस उठून कामाला लागतो. लोक घरीच शिंकून मोकळे झाले. सगळं घर आवरून ठेवावं आणि पाहुण्याने फाटकातूनच हात हलवून पुढे जावं, तसं मोठ्या डॉक्टरांचं झालं. भाषण तसंच राहिलं.

पेशंट मिळाला एकच. ते आपले बाबा. तू येणारच होतास, म्हणून फोनवर हे सांगितलं नाही. वय बघून दाखल केलं. ते शिंकले की डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले आम्ही सगळे एकदम मागे सरायचो. हे लक्षात आल्यावर ते मुद्दाम शिंकायला लागले. घरी सोडताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तर कोण मोठं माणूस आलंय म्हणून बाबांनी मागे वळून पाहिलं.

हसलास ना? मीही हसले. पण पहिल्या दुपारी ताप चढला, तेव्हा नाडी बघायला मी त्यांचा हात धरला आणि मोजायचंच विसरले. जन्मभर नाड्या बघितल्या मी. पण एवढं जुनं काळीज, कुणी न सांगता, आपलं आपण चाललेलं! आपण दोघं जन्मायच्या कितीतरी आधीपासून ते चाललंय. मला त्याचं इतकं नवल वाटलं की हात सोडवेना.

तू आपलं दुकान सोडून गेलास तेव्हा बाबा संतापून म्हणाले होते, "आता माझ्या मरणालाच ये." तू शब्द पाळलास. साथीची बातमी ऐकून तिकीट काढलंस, साथ साधी निघाली म्हणून परवा रद्द केलंस.

ते काल बाबांना सांगितलं, तर म्हणाले,

"हात्तिच्या! एक आजारसुद्धा धड येत नाही मेला."

मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्याला लिही, मी फार गंभीर आहे म्हणून. तू नर्स आहेस, तुझं खरं वाटेल त्याला."

मी खोटं लिहिणार नाही, बाळ. बाबा ठणठणीत आहेत. दोन वेळ नीट जेवतात, आणि फाटक वाजलं की दाराशी जाऊन बघतात. ते असे आहेत तोवर ये.

वाट बघणारी,
ताई