टेकाडावरचं पाणी

२ एप्रिल १९६६, शनिवार

आज तलाव उघडला. तीन वर्षं पाणी भरत होतं, आजपासून मासे धरायला परवानगी! सकाळी सातला धक्क्यावर होड्यांची ही रांग. सगळ्यांना बास मासा हवा. नव्या पाण्यातला बास खाऊन खाऊन फुगलेला असतो, शहाणा झालेला नसतो.

क्लोव्हिस टॅकेटनं होडीला नवी मोटर घेतलीय. तिचं कौतुक ऐकून डोकं उठलं. वर सगळ्यांदेखत ओरडतोय — "ऑरिन, तळाला तुझंच शेत आहे! कुंपण कुठं, विहीर कुठं, तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? मासा तिथंच बसतो. सांग की लेका!"

हसलो, सटकलो. सरळ टेकाडावर गेलो. घर, कोठार, मक्याची शेतं सगळी चाळीस फूट खाली, पण घरामागच्या टेकाडावर कमरेएवढंच पाणी. वाटलं होतं, ओळखू येणार नाही. लगेच ओळखलं. पेकानच्या झाडाचा कापलेला बुंधा दिसतो. त्याच्या पूर्वेला चार पावलांवर डेल्फी.

गळ टाकला नाही. तिच्यावर कसा टाकणार?

५ एप्रिल

परत गेलो. दोरीला नुसतं शिसं बांधतो, गळ नाही. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा मासे धरतोय.

मोझेल म्हणाली, "रोज रिकामा येतोस. विसरलास की काय सगळं?" तिनं घेवडा आणि मक्याचा पाव केला होता. बायकोसमोर बसून जेवलो आणि खोटं बोललो, की अजून पाणी गार आहे.

७ एप्रिल

इथं तरी लिहून टाकतो. कुणाला सांगितलेलं नाही.

डेल्फी आमची पहिली आणि शेवटची. अकरा दिवस जगली. टेकाडावर पुरली, भोवती देवदाराच्या अकरा खुंट्या ठोकल्या. मी बत्तीस वर्षांचा होतो. पुढं चोवीस वर्षांनी धरणवाले आले. चर्चच्या आवारातल्या कबरी त्यांची माणसं हलवणार, घरच्या जागेतली कबर हवी तर घरच्यांनी हलवावी. मी ऐटीत म्हणालो, माझी मुलगी मी आणीन, दुसरं कुणी हात लावायचा नाही. कागदावर सहीसुद्धा केली.

मग एका शनिवारी पहाटे फावडं आणि पाइनची लहान पेटी घेऊन गेलो. दुपारपर्यंत उभा होतो. फावडं जमिनीला लावलंच नाही. हातच उचलेना! शेवटी टोमॅटोच्या वाफ्यातली काळी माती पेटीत भरली. इतकी वर्षं झाली की मातीच उरते, असं ते लोक सांगतच होते, म्हणजे कुणाला संशय येणार नव्हता. नव्या दफनभूमीत पेटी पुरली. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. दगडावर नाव आहे. मोझेल त्या दगडापाशी गुडघे टेकते. टोमॅटोच्या मातीपुढं!

आणि माझी पोर पाण्याखाली.

१० एप्रिल, ईस्टर

चर्चनंतर मोझेल दफनभूमीत गेली. मी गाडीतच बसलो. पाठ दुखते म्हणालो.

१२ एप्रिल

वारा होता. टेकाडाखालच्या ओढ्यातली झाडं तोडली नव्हती, त्यांचे वाळके शेंडे पाण्यावर एकमेकांना घासतात. पाळणा कुरकुरतो तसा आवाज. तिच्या अकरा रात्री मी हाच आवाज ऐकत पडायचो. अंगावर काटा आला, तरी निघवेना. "आहे गं मी इथं," असं मोठ्यानं म्हणालो. आता रोज म्हणतो. म्हटलं की आवाज थांबतो, अगदी खरं! वेड लागत असेल तर लागो.

१४ एप्रिल

बासचं घरटं आहे तिथं! बुंध्याजवळ वाळू झाडून ताटाएवढी गोल जागा केलीय. मादी अंडी घालून केव्हाच गेली. नर राखण करतोय. काही खात नाही, हलत नाही. माझ्या सावलीवरसुद्धा धावून येतो. अर्धा दिवस त्याच्याकडे बघत होतो. मला लाज वाटली.

१६ एप्रिल, शनिवार

क्लोव्हिसनं मला गाठलंच. लांबून पाळत ठेवून होता. "हे तुझं गुपित होय, चोरा!" म्हणत होडी घेऊन थेट टेकाडावर आला आणि नांगर टाकला. त्याचा नांगर म्हणजे सिमेंट ओतलेला कॉफीचा डबा. तळावरून फरफटत गेला. मी ओरडलो, "काढ तो! काढ आधी!"

"तलाव काय तुझ्या बापाचा आहे?" खरं तर खालची जमीन होतीच.

दुसऱ्याच फेकीला त्यानं नराला उचललं. चार पौंडांचा. नाचायला लागला होडीत. मी खाली बघत होतो. मिनिटभरात बारकी मासळी चहूबाजूंनी आली आणि घरट्यातलं सगळं साफ केलं.

मग त्यानं नांगर ओढला. डब्याच्या कडीला एक लाकूड अडकून आलं. "हे बघ, तुझ्या वाट्याचा मासा!" म्हणून माझ्या होडीत फेकलं.

देवदाराची खुंटी. टोकाला माझ्या कोयत्याचे घाव. इतक्या वर्षांनी तशीच.

पुढच्या शनिवारी इथं मासे धरायची स्पर्धा आहे. ऐंशी होड्या येणार आहेत, क्लोव्हिस सगळ्यांना हीच जागा सांगत सुटलाय. ऐंशी नांगर!

१७ एप्रिल

खुंटी कोटात ठेवून चर्चमध्ये बसलो. एक अक्षर ऐकू आलं नाही.

१९ एप्रिल

आज सांगितलं. सकाळी, ती पीठ मळत असताना. खुंटी टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं — फावडं, वाफा, माती. वाटलं होतं ओरडेल, मारेल, निघून जाईल बहिणीकडे. तिनं खुंटी हातात घेतली, पिठानं पांढरी केली. मग पुन्हा मळायला लागली. रडलीसुद्धा नाही. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

झोपायला जाताना म्हणाली, "उद्या मला होडीत ने."

२० एप्रिल

नेलं. टेकाडावर आलो, वल्ही आत घेतली. मी पाण्यात बोट दाखवलं. तिनं तिकडं पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहत होती.

"ती इथं नाही, ऑरिन. तुझ्याच्यानं होणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्या शनिवारच्या आदल्या गुरुवारी तू गुरं घेऊन गेलास तेव्हा मी खणलं, माती परत सारखी केली. झबल्याची बटणं तेवढी मिळाली. शुक्रवारी चर्चच्या आवारातली माझ्या आईची कबर हलवली, तेव्हा ती तिच्या पेटीत ठेवली."

मग तीन वर्षं बोलली का नाहीस, मी विचारलं.

"तू ती पेटी इतकी जपून आणलीस. दोन्ही हातांनी, छातीशी धरून. काय बोलणार होते मी?"