दुसरी ताटली

बडोदे, ता. १४ जानेवारी

प्रिय निरुपमाताईस,

प्रभूमध्ये सलाम. विश्रामभाऊजींनाही सलाम सांग. मोहनाचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. तिला मामाचा पापा. इकडे आम्ही ठीक आहोत.

हे शेवटचे वाक्य हाताने सवयीने लिहिले. खोडले तर कागद घाण दिसेल म्हणून राहू देतो. पण आम्ही ठीक नाही.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? फोन आईच्या उशाशी असतो, आणि आपल्या दोन खोल्यांत कुठेही बोललो तरी तिला ऐकू जाते. व्हॉट्सॲपवर लिहावे तर तुझा फोन भाऊजी आधी उघडतात. शिवाय लिहिताना मला थांबता येते. बोलताना मी घाबरून भलतेच काही नीटनेटके बोलून जातो.

आज उत्तरायण. गोरव्याचा आमचा कारखाना आज आणि उद्या बंद आहे. सकाळपासून गच्च्यांवर भोंगे लागले आहेत, आणि कोणाचा पतंग कापला की "काप्यो छे!" म्हणून सगळी गल्ली ओरडते. आई खाटेवर, पाय उशीवर ठेवून बसली आहे. मघाशी म्हणाली, "या गावाला सगळ्यालाच कापायची हौस. डॉक्टर बिचारा उगाच बदनाम."

मी हसलो. मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो.

तिच्या पायाचे तुला फोनवर सांगितले ते खरे आहे, पण पुरे नाही. दिवाळीत मंगळबाजारातून तिला सँडल आणल्या त्या मी आणल्या. तिला गर्दीत कुठे न्यायचे, म्हणून तिच्या जुन्या चपलेवर दोरा धरून माप घेतले आणि एकटाच गेलो. मापात कसर नव्हती. संध्याकाळी तिचा पाय सुजतो, एवढे मात्र दोऱ्याला कळले नाही. साखरेमुळे तिलाही चावलेले कळले नाही. अंगठ्याच्या कडेला मुगाएवढा फोड आला, आणि नाताळाच्या आधी अंगठा काळा पडला. डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल, आणि लवकर. थांबलात तर पाऊल जाईल, मग जिवावरही येईल.

आई म्हणाली, "देवाने दिलंय तेवढं सगळं घेऊन मी देवाकडे जाईन." आणि मटार सोलत बसली. मी समजावू लागलो की म्हणायची, "तुझं ऐकून माझे कान थकले रे. आता कान कापायला सांग."

मग नव्या वर्षाच्या सकाळची उपासना आली. आपल्या मंडळीत वर्षाचे वचन उचलतात ते अजून तसेच आहे. चिठ्ठ्यांवर एकेक वचन लिहून, घडी घालून त्या ताटलीत ठेवायच्या, प्रार्थना करून ज्याने त्याने एक उचलायची, आणि ते देवाने आपल्याशी बोललेले मानून वर्ष काढायचे. तू तुझी चिठ्ठी पाकिटात घालूनच लग्न होऊन नगरला गेलीस. चिठ्ठ्या अजून मीच लिहितो. बारावी झाली नाही तरी माझे अक्षर चांगले आहे आणि ऱ्हस्वदीर्घ चुकत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आहे. आईला पुढे चालत जाता येत नव्हते. ती मागे खुर्चीवर बसली होती. मी ताटली घेऊन तिच्याकडे गेलो. तिला जखमा बऱ्या करण्याचे वचन आले.

मला वाटले, आता तिला धीर येईल. म्हणेल, देव सोबत आहे, चल, होऊन जाऊ दे ऑपरेशन.

तिने चिठ्ठी डोळ्यांना लावली. म्हणाली, "बघ. देव म्हणतो बरं करीन. तुझा डॉक्टर म्हणतो कापीन. आता कोणाचं ऐकू ते तूच सांग."

पहिल्या रविवारी साक्षीच्या वेळी तिने मला कोपराने ढोसले. "मला उभं राहवत नाही. तू सांग." मी उभा राहिलो आणि देवाने आमच्या आईला कसे वचन दिले ते सांगितले. सगळे हालेलुया म्हणाले. नंतर प्रभुभोजन होते. मी भाकर घेतली, प्याला घेतला. घरी आल्यावर मला जेवण गेले नाही.

मग मी पाळकसाहेबांकडे गेलो. म्हटले, येत्या रविवारी बायबलातल्या त्या आजारी राजाचा उतारा घ्या ना. देव बरे करीन म्हणाला होता, तरी संदेष्ट्याने गळवावर अंजिरांची पोटीस बांधायला लावली, तो. उपचारही देवाचेच आहेत हे मंडळीला कळेल.

"मंडळीला, की तुझ्या आईला?" पाळकसाहेब म्हणाले. पण त्यांनी तो उतारा घेतला, आणि चांगला घेतला. आई मान हलवत ऐकत होती. मी खूश. परत येताना रिक्षात म्हणाली, "उत्कर्ष, खंडेराव मार्केटला थांबव."

"कशाला?"

"अंजीर घ्यायचेत."

ताई, तू हसशील. क्षणभर मीही हसलो. तेव्हापासून तिच्या अंगठ्यावर वाटलेले अंजीर बांधलेले आहेत. मुंग्या लागतात म्हणून मी खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आहेत. आज पट्टी सोडली तेव्हा शेजारचे बोटही काळसर दिसले, आणि वास येत होता. आईला वास कळत नाही असे दिसते.

आता माझी विनंती. मी नीट विचार केला आहे. पत्र मिळाले की आईला फोन कर आणि सांग की तुझ्या स्वप्नात बाबा आले होते. बाबांनी डॉक्टरांचा हात धरून आईच्या पायाकडे नेला. पांढरे कपडे वगैरे सांगू नकोस, ती लगेच ओळखेल. रेल्वेचा खाकी शर्ट सांग, वरचे बटण तुटलेला. फोन सकाळी तिची प्रार्थना झाल्यावर कर. तुझ्या स्वप्नांवर तिचा विश्वास आहे. माझ्यावर असता तर मीच पाहिले असते.


ता. १५ जानेवारी

पत्र गेले नाही. अलकापुरीतल्या कुरियरच्या दुकानाला कुलूप होते. आज वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, हे मी विसरलो कसा? मी काही विसरत नाही.

घरी येऊन कालचे पान वाचले. एकही चूक सापडली नाही. "तिला जखमा बऱ्या करण्याचे वचन आले," असे मी लिहिले आहे. वाक्य शुद्ध आहे.

ताई, ते आले नाही. मी ते आणले.

ताटल्या दोन होत्या. एक सगळ्यांची. दुसरी मी हार्मोनियमच्या मागे ठेवली होती, आणि तिच्यातल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच वचन लिहिले होते. आईने कोणतीही उचलली तरी तेच निघावे म्हणून. मागे तिच्याकडे जाताना मी ती दुसरी ताटली घेतली. आईने डोळे मिटले. एक चिठ्ठी उचलली. मग तिला काय वाटले कोण जाणे, ती परत ठेवली, बोटांनी चाचपत राहिली, आणि तळातली एक काढली. तिचे ओठ हलत होते. ती देवाला विचारत होती आणि मी ताटली धरून उभा होतो. मला तेव्हा लाज वाटली नाही. मनात आले, बरे झाले आपण सगळ्यांवर लिहिले.

कारखान्यात माझे काम तयार भागांच्या कडेवरून बोट फिरवण्याचे. नखाला अडकेल न अडकेल एवढी धार राहिली असेल तरी मी भाग परत पाठवतो. शेठ लोकांना सांगतात, "उत्कर्षनी नजर बहु झीणी." एवढी बारीक नजर, आणि हे मला दिसले नाही असे कसे म्हणू? दिसले होते. मी त्याला खोटे म्हटले नाही. मदत म्हटले. आईची मदत, आणि थोडी देवाचीही, कारण तो फार वेळ लावत होता.

तेव्हापासून मला प्रार्थना जमत नाही. गुडघे टेकतो आणि कामे वाटून देतो. डॉक्टरांनी असे बोलावे, आईने तसे ऐकावे, ताईने सकाळी फोन करावा. मग आमेन म्हणून उठतो. देवाला काही म्हणायचे असेल तर मी जागाच ठेवत नाही.

स्वप्नाचा फोन करू नकोस.

पण मग मी काय करू? बाबा गेल्यावर तिने वचनांवरच दिवस काढले. पायासाठी तेच तिच्या हातातून काढून घेऊ? असा मी दुपारभर विचार करत होतो, आणि तो मला फार चांगला वाटत होता. मग आई म्हणाली, "येरझाऱ्या घालू नकोस, मला चक्कर येते." तेव्हा मी बसलो, आणि बसल्यावर खरे काय ते कळले. तिच्या विश्वासाची काळजी मागाहूनची आहे. पहिली भीती ही की ती माझ्याकडे कशी बघेल.


ता. १६ जानेवारी

सांगितले.

आज सकाळी पट्टी सोडताना. वाक्ये तयार केली होती, त्यांतले एकही तोंडात आले नाही.

"आई, त्या ताटलीतल्या सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच होत्या. मी लिहिलेल्या."

"कोणत्या ताटलीतल्या?"

"तुझ्या."

ती पायाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी आधी एक उचलून परत ठेवली होती."

"तीही तीच होती."

"आणि मी आपली म्हणतेय, देवा, माझा हात धर."

मी सुटलेल्या पट्टीचे टोक बोटाला गुंडाळत राहिलो.

"तू साक्ष दिलीस, उत्कर्ष."

"हो."

"वर भाकर घेतलीस."

"हो."

समोरच्या गच्चीवर कोणी उरलेला मांजा गुंडाळत होते. आई तिकडे बघत बसली. तिने माझ्याकडे पाहिलेच नाही, आणि मी ज्याला भीत होतो त्यापेक्षा ते वाईट होते. मग तिने उशीखालून चिठ्ठी काढली. मला वाटले, फाडणार. तिने ती उघडून वाचली, पुन्हा घडी घातली आणि ठेवून दिली.

"वचन देवाचंच आहे," ती म्हणाली. "ते काही तुझ्या बापाचं नाही. ताटली तेवढी तुझी होती."

थोड्या वेळाने म्हणाली, "हे अंजीर सगळं पुसून काढ. केव्हाचा वास मारतोय."

"तुला येत होता वास?"

"माझ्या नाकाला साखर झालेली नाही."

"मग बांधून का ठेवलंस, आई?"

"मला वाटलं, देव बोललाय. नाकापेक्षा त्याचं खरं मानलं."

ताई, हे वाक्य मला कुठे ठेवावे ते कळत नाही. मी पाय पुसला. मग रिक्षा आणली.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि म्हणाले, "बा, थोडां वहेलां आव्यां होत तो..." लवकर आला असतात तर, एवढे म्हणून मध्येच थांबले. आई मराठीतच म्हणाली, "आता आले ना." आता नुसता अंगठा नाही. दोन बोटे आणि पावलाचा पुढचा थोडा भाग काढावा लागेल. नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच आलो असतो तर एका अंगठ्यावर भागले असते. ते मी विचारले. विचारायला नको होते, पण मला माहीत असावे असे वाटले. ऑपरेशन शनिवारी आहे. टाके सुकतील की नाही, हे ते आत्ता सांगू शकत नाहीत.

तुला दुपारी फोनवर एवढेच सांगितले की आई तयार झाली. "कशी काय तयार झाली?" असे तू विचारलेस, तेव्हा मी "आलीस की सांगतो" म्हणालो. आता कुरियरचा प्रश्न नाही. उद्या तू स्टेशनवर उतरलीस की हे पत्र तुझ्या हातात देईन. रिक्षात वाच. माझ्याकडे बघत वाचू नकोस.

हे सगळे पुन्हा सुवाच्य लिहून काढावे आणि स्वप्नाचा भाग गाळावा, असे मनात होते. आईला विचारले. म्हणाली, "आहे तसंच दे तिला. किती धुशील?"

तिने आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली, रविवारी मंडळीपुढे उभे राहून, जिथे साक्ष दिली तिथूनच हे सांगायचे. ती तिथे नसेल, तरी सांगायचे. दुसरी, ऑपरेशनच्या आधीची प्रार्थना पाळकसाहेब करतील. "तू करू नकोस," म्हणाली. "तू नुसता बस."

मी विचारले, "बाहेर?"

"बाहेर कशाला? इथे बस, माझ्याजवळ. आणि गप्प बस."

तसा बसलो आहे. ती झोपली आहे. अजून माझ्याशी नीट बोलत नाही, पण तिचा हात माझ्या बाजूला आहे. मी तो धरलेला नाही.

तू ये. तिला काय सांगायचे ते ठरवून येऊ नकोस. नुसती ये.

आईच्या खाटेशी गप्प बसलेला,
तुझा भाऊ
उत्कर्ष