उंच गाडी आणि साडी

टेमघर, रविवार संध्याकाळ, डिसेंबर २००७

माळशेजहून आत्ताच आलो. कंबर धरलीय, पण मजा आली. नवी मोटरसायकल खड्ड्यांना जुमानत नाही. रोज कशेळीच्या गोदामात ड्युटीला जातो, तेव्हा खड्ड्यांनी भरलेला धामणकर नाकाही सुसह्य वाटतो. फक्त फार उंच आहे. साडीत चढायला बायकोला घरी ओटा लागतो. वाटेत चहाला थांबलो की मी तिच्यासाठी मैलाचा दगड नाहीतर पुलाचा कठडा शोधायचो. घाटात एका ट्रकवाल्याने हसत रिकामा क्रेट पुढे केला, "भाभीजी, इसपे चढो." ती पदर सावरत क्रेटवरून चढली. आता गाडी विका म्हणणार, याच धास्तीत घरी आलो.

ओट्यावर उतरून म्हणाली, "अहो, गणपतीपुळ्याला जाताना न्हाणीतलं स्टूल मागे बांधून घ्या."