दोन लाल काठांचा झेंडा

आप्पा, कारखान्याला यंदा पन्नास वर्षं होतात आणि त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. आपल्या घरातलं कुणी पदवी घेईल, हे तेव्हा बोलायलासुद्धा धाडस लागायचं. आता मी उद्यमबागेतल्या त्याच कारखान्याच्या ऑफिसात बसते, ज्याच्या गेटवर तुम्ही विणलेला झेंडा लागला होता. तो कधीच विरला. त्यानंतर छापील झेंडे आले, पण रंग तेच आहेत: निळं अंग, मधे पिवळा पट्टा, वर आणि खाली लाल काठ.

इतिहास लिहिताना मला आनंद झाला, हे आधी सांगते. मोठ्या मालकांनी पत्र्याच्या शेडमध्ये एका जुन्या लेथवर सुरुवात केली. निपाणीकडच्या गुऱ्हाळांच्या चरकांचे झिजलेले भाग ते करून द्यायचे. मग पाण्याचे पंप, मग स्वतःची भट्टी, आणि मग परदेशात जाणारं ओतकाम. मी जुन्या कामगारांच्या घरी जाऊन बसले. कुणी पहिल्या भट्टीची गोष्ट सांगितली, कुणी भाजलेला हात दाखवला. हे पुस्तक मालकांचं तेवढंच त्यांचं व्हावं, असा माझा हट्ट होता. सगळं जमत गेलं, आणि झेंड्याच्या पानावर मी अडले.

त्या पानासाठी ऑफिसात एक जुना मजकूर तयार होता. निळा रंग पाण्याचा, पिवळा वितळलेल्या लोखंडाचा, आणि दोन लाल काठ म्हणजे मालक आणि कामगार, एकमेकांना सांभाळणारे. वाचायला छान होतं. पण ते काठ कुठून आले ते मी पाहिलं होतं.

मी दुसरीत आहे. वडगावात आपल्या गल्लीभर पॉवरलूम खडखडतायत, हातमाग फक्त आपल्याकडे उरलाय. कारखान्यात नवी भट्टी सुरू होणार म्हणून मालकांना स्वतःचा झेंडा हवाय, आणि एवढ्याशा कापडासाठी पॉवरलूमवाला ताणा चढवायला तयार नाही. म्हणून मॅनेजर कागद घेऊन तुमच्याकडे आलेत. कागदावर झेंड्याचं चित्र, कडेनं लाल शाईची रेघ. ती रेघ म्हणजे नुसती चौकट, हे शिकलेल्या कुणालाही कळलं असतं. तुम्ही मात्र विणकराच्या डोळ्यांनी पाहिलंत. आडव्या दोन रेघा म्हणजे काठ, उभ्या दोन म्हणजे कापायच्या जागा. मी धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत होते. तांबडं सूत घेतलंत तेव्हा मलाही काही खटकलं नाही. बिनकाठाचं कापड मी तरी कुठं बघितलं होतं?

कापड द्यायला तुम्ही मला बरोबर नेलंत. मॅनेजरांनी घडी उलगडली आणि त्यांचा आवाज चढला. "काय ओ हे? झेंडा सांगितलेला की इरकली लुगडं?" लेथवरचा एकजण मागं वळून म्हणाला, "साहेब, पदर कुटं हाय तेवढं बघा की." सगळी शेड हसली. तुम्ही मान खाली घालून एवढंच म्हणालात, "कागदावर हुते जी." तेवढ्यात मोठे मालक हात पुसत आले. त्यांनी कागद बघितला, मग काठ दोन बोटांत धरून ओढून बघितला. "कड पक्की हाय. वाऱ्यात उसवायची न्हाय. लावा," असं म्हणून ते परत भट्टीकडे गेले.

घरी येऊन मी आईला लुगड्याची गंमत हसत हसत सांगितली. तुम्ही कधी नव्हे ते माझ्यावर ओरडलात. "हसू नगंस. चुकलं तर चुकलं म्हणावं, पर कापडाला हसू न्हाय." संध्याकाळी उरलेल्या निळ्या कापडाचं दप्तर शिवून दिलंत. ते मी चौथीपर्यंत वापरलं.

तर आता, एवढ्या वर्षांनी, मी त्या मॅनेजरांच्या घरी टिळकवाडीला गेले. निवृत्त होऊन ते अंगणात झाडांना पाणी घालत होते. झेंड्याचा अर्थ कुणी लिहिला, असं मी विचारलं.

"मीच की," ते म्हणाले. "परदेशातली माणसं यायची, काठ कशाचे विचारायची. काय सांगू? विणकराची चूक म्हणून सांगू?"

"तसंच सांगायचं होतं," मी म्हटलं. "खरं होतं ते." इतिहासात रचलेलं घालू नये, कामगाराची गोष्ट त्याला वगळून सांगू नये, असं बरंच बोलले. नको तितकं बोलले.

त्यांनी नळ बंद केला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "त्या विणकराची पोरगी न्हवं तू? कांड्यांची पिशवी घेऊन आलतीस. लिही बाई. पण बापाची चूक छापून येईल बघ. चालंल तुला?"

मी हो म्हटलं. पण त्यानंतर आठवडाभर ते पान लिहवेना. खरं लिहिलं तर तुमचं नाव एका चुकीपुरतं पुस्तकात येणार, न लिहिलं तर येणारच नाही. शेवटी सरळ लिहिलं: चित्राच्या चौकटीची रेघ विणकराने काठ समजून विणली, कारण बिनकाठाचे कापड त्याच्या हाताला ठाऊक नव्हते. मालकांची मुलगी आता कारखाना बघते. तिनं पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे विणकर कोण?" मी सांगितलं, माझे वडील. "मग नाव का घातलं नाहीत?" असं म्हणून तिनं स्वतःच्या पेननं जागा करून दिली. आता तुमचं नाव तिथं आहे, आप्पा, मोठ्या मालकांच्या नावाखाली तीन ओळींवर. आईनं त्यावरून बोट फिरवून पाहिलं. तिला वाचता येत नाही, पण जागा पक्की लक्षात ठेवलीय.

त्या पानावरची शेवटची ओळ अशी आहे: "मालक म्हणाले, विणकराचेच बरोबर आहे." ती वाचून मालकांच्या मुलीचे डोळे भरून आले. बाबा अगदी असंच बोलायचे, ती म्हणाली. पण ते तसं म्हणाले नव्हते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. ती ओळ मी रचली. मॅनेजरांना एवढं सुनावून आल्यावर रचली. पानं उद्या प्रेसमध्ये जातील. खोडायचं तर आजची दुपार आहे, आणि मी हे पत्र लिहीत बसले आहे. ते कुणाच्या हाती लागू नये म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. ओळ मात्र राहू देणार आहे.